सारामागोची माफ्रा-कादंबरी : कागदपत्रं कुठे थांबतात, गोष्ट कुठे सुरू होते?

टिपकागद

जोझे सारामागोची 'मेमोरियाल दो कोन्व्हेन्तो' (१९८२) पुन्हा वाचून झाली आणि तिच्यावर इथे सविस्तर बोलायलाच हवं असं वाटलं. इंग्रजीत ती 'बाल्तासार अँड ब्लिमुंदा' या नावाने मिळते. ऐतिहासिक कादंबरीवरचे आपले वाद बहुधा 'हे खरंच घडलं होतं का' इथे सुरू होतात आणि तिथेच विझतात. या कादंबरीपुढे तो प्रश्न अपुरा पडतो. (खाली महत्त्वाचे प्रसंग आणि शेवटही येणार आहे. रसभंग नको असेल तर आधी पुस्तक वाचा.)

आधी इतिहास. पोर्तुगालचा पाचवा जुआंव १७०६ मध्ये गादीवर आला. १७०८ मध्ये ऑस्ट्रियाच्या मारिया आनाशी लग्न झालं, पण मूल होईना. १७११ मध्ये राजाने नवस केला की मूल झालं तर माफ्रा गावात फ्रान्सिस्कन साधूंसाठी मठ बांधीन. त्याच वर्षी डिसेंबरात राजकन्या मारिया बार्बारा जन्मली. १७ नोव्हेंबर १७१७ ला पायाचा दगड बसला. मूळ बेत जेमतेम १३ साधूंचा होता. पण ब्राझीलच्या खाणींतून सोनं येत होतं, त्यात राजाचा वाटा एक पंचमांश. सोनं येत गेलं तसा बेत वाढत गेला. १३ चे ४०, मग ८०, शेवटी ३०० साधू, शिवाय राजवाडा आणि बॅसिलिका, म्हणजे भव्य चर्च. वास्तुकार लुदोविसे हा जर्मनीहून आलेला, मूळचा सोनारकामातला माणूस. चर्चचा पवित्रीकरण सोहळा राजाच्या वाढदिवशीच व्हायला हवा आणि त्या दिवशी रविवार हवा. २२ ऑक्टोबर १७३० ला तो योग होता, नंतर दशकभर नव्हता. मग देशभरातून माणसं धरून आणली. काम ऐन भरात असताना तिथे ४५,००० च्या आसपास मजूर होते आणि बंदोबस्ताला ७,००० शिपाई.

हे सगळं नोंदलेलं आहे आणि हा सांगाडा सारामागो तसाच ठेवतो. राजा, राणी, लुदोविसे, राजकन्येला संगीत शिकवणारा दोमेनिको स्कार्लाटी, सगळे आपापल्या वर्षी आपापल्या जागी असतात. त्यांच्यामध्ये तो दोन माणसं आणून सोडतो, ज्यांची कुठल्याही दप्तरात नोंद नाही. बाल्तासार हा स्पेनच्या वारसायुद्धात डावा हात गमावून घरी निघालेला शिपाई. ब्लिमुंदाला पहाटे उपाशीपोटी माणसांच्या आतलं दिसतं. बाल्तासारच्या आत कधीही डोकावणार नाही असं वचन तिने त्याला दिलेलं आहे, म्हणून ती रोज सकाळी डोळे मिटून आधी भाकरीचा तुकडा खाते, मगच त्याच्याकडे वळते. लिस्बनला इन्क्विझिशनच्या (धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेच्या) जाहीर शिक्षेच्या दिवशी दोघं भेटतात, त्याच दिवशी तिच्या आईला अंगोलाला हद्दपार केलं जातं.

सगळ्यात भारी प्रकरण दगडाचं. बॅसिलिकेच्या दर्शनी दारावरच्या सज्जासाठी एक अखंड शिळा पेरू पिन्येइरूच्या खाणीतून माफ्राला न्यायची आहे. पस्तीस वितींच्या आसपास लांब, पंधरा वितींच्या आसपास रुंद, वजन तीसेक टन. ६०० माणसं, ४०० बैल. अंतर फार नाही, पण ते कापायला आठ दिवस लागतात. चढावर जीव खाऊन ओढायचं, उतारावर त्याहून जास्त जीव खाऊन मागे खेचून धरायचं, चाकाखाली पाचरी मारत राहायचं. रात्री मानुएल मिल्यू नावाचा गडी शेकोटीशी एका राणीची आणि साधूची गोष्ट थोडी थोडी करून सांगतो आणि बाकीचे उद्याच्या भागाची वाट बघत झोपतात. एका उतारावर फ्रान्सिस्कू मार्केशला चाकाची पाचर साधत नाही आणि गाडा त्याच्या अंगावरून जातो. त्याचं घर त्याच वाटेवरच्या गावात.

इथे निवेदक मध्येच बोलतो. इतिहास सांगतो की राजाने मुलासाठी नवस बोलला म्हणून मठ झाला. या सहाशे जणांनी तर राणीला मूल दिलं नव्हतं, मग नवस हे का फेडताहेत? असं विचारून तो आपल्या कालविसंगत आवाजाबद्दल माफीही मागतो. दुसऱ्या एका जागी तो म्हणतो की इतक्यांची आयुष्यं सांगणं शक्य नाही, निदान नावं तरी लिहू, आम्ही लिहितो ते त्यासाठीच. आणि अल्सिनू, ब्राश, क्रिश्तोव्हांव असं करत झाकारियाशपर्यंत वर्णमालेतल्या अक्षराअक्षराला एक नाव देतो. ही नावं त्याने मनाने घेतलेली आहेत. पण तिथे माणसं होती, त्यांना नावं होती आणि ती आपल्यापर्यंत आलेली नाहीत, या तिन्ही गोष्टी ऐतिहासिक सत्यच आहेत.

माझं म्हणणं असं की सारामागो इतिहास बदलत नाही. कागदपत्रं जिथे गप्प होतात नेमकी ती जागा तो शोधतो आणि कल्पना तिथेच वापरतो. आपल्याकडची ऐतिहासिक कादंबरी बहुतेकदा राजे-सरदारांच्या मनात शिरते, म्हणजे ज्यांच्याबद्दल आधीच भरपूर लिहिलेलं आहे त्यांच्याच. हा माणूस उलटीकडून येतो. तुम्हाला काय वाटतं?

पायवाट

सुरेख लिहिलंय. दगडाचं प्रकरण मीही विसरू शकलेले नाही. ते वाचताना खांदे दुखतात.

एक विचारायचं होतं. तुम्ही उडत्या यंत्राबद्दल काहीच लिहिलं नाहीत. ते यंत्र रचणारा पाद्री, बार्तोलोमेउ, पूर्ण काल्पनिक असणार असं मी धरून चालले होते. तसंच ना?

टिपकागद

@पायवाट, नाही, तो अस्सल आहे! बार्तोलोमेउ लोरेन्सो द गुझमांव, जन्म १६८५, ब्राझीलमधलं सांतुश. ऑगस्ट १७०९ मध्ये त्याने लिस्बनच्या दरबारात राजासमोर कागदाचा छोटा फुगा गरम हवेवर वर चढवून दाखवला. माँगोल्फिए बंधूंच्या फुग्याच्या ७४ वर्षं आधी. पोपचा वकील कॉन्ती हजर होता, तोच पुढे तेरावा इनोसंट म्हणून पोप झाला. गुझमांवच्या 'पासारोला'चं, म्हणजे पक्ष्याच्या आकाराच्या जहाजाचं चित्रही युरोपभर फिरलं. त्यात शिडं, लोहचुंबक, अंबर असा सगळा सरंजाम होता. ते प्रत्यक्षात कधी उडालं नाही. १७२४ मध्ये हा माणूस इन्क्विझिशनच्या धास्तीने स्पेनला पळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तोलेदोला वारला.

आता कादंबरीने काय केलं ते बघा. फुगा खरा, चित्र खरं, पलायन खरं, तोलेदोचा मृत्यू खरा. लिस्बन सोडल्यापासून तोलेदोपर्यंतच्या दिवसांबद्दल मात्र फारसं हाती नाही. पासारोला तिथेच उडते. ब्लिमुंदाने साथीच्या दिवसांत मरणाऱ्यांच्या छातीतून निसटणाऱ्या दोन हजार इच्छाशक्ती कुप्यांत गोळा केल्या आहेत, त्यांच्या बळावर. यंत्र बांधून काढणारा बाल्तासार एकहाती आहे आणि पाद्री त्याला समजावतो की देवालाही डावा हात नाही, कारण शास्त्रात सगळं त्याच्या उजव्या हातालाच बसतं. यंत्र माफ्रावरून जातं तेव्हा खालच्या लोकांना वाटतं पवित्र आत्माच गेला, ते मिरवणूक काढतात. इतिहासात उड्डाणाची नोंद का नाही, याचंही उत्तर कादंबरीतच मिळतं. बघणाऱ्यांनी त्याला चमत्कार म्हणून टाकलं.

दफ्तरी

धागा वाचनीय आहे, पण मुख्य मुद्दा मला पटत नाही.

पहिली गोष्ट, पाचव्या जुआंवचं चित्र एकतर्फी आहे. याच राजाच्या काळात कोइम्ब्रा विद्यापीठाचं भव्य ग्रंथालय उभं राहिलं. लिस्बनला पाणी आणणाऱ्या आग्वाश लिव्ह्रेशच्या जलवाहिनीचं काम १७३० च्या दशकात सुरू झालं, १७४८ मध्ये पाणी शहरात पोहोचलं, आणि १७५५ च्या भूकंपातही तिच्या कमानी टिकल्या. १७२० मध्ये त्याने पोर्तुगीज इतिहासाची राजेशाही अकादमी स्थापली. कादंबरीत मात्र आपल्याला दिसतो तो लहान मुलासारखा सेंट पीटर्स बॅसिलिकेच्या छोट्या प्रतिकृतीचे तुकडे जोडत बसणारा राजा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही म्हणता तो फक्त मोकळ्या जागा भरतो. पण कादंबरी हळूच सुचवते की राणीला दिवस गेल्याचं तिने पाद्र्यापुढे दिलेल्या पापांच्या कबुलीजबाबातून साधूंना आधीच कळलं असावं आणि म्हणून त्यांनी नवस केला तर मूल होईल असं भाकीत केलं. हा खऱ्या माणसांवर, खऱ्या संस्थेवर घेतलेला संशय आहे. पुरावा काय? उडणारं यंत्र कुणी खरं मानणार नाही, पण हे वाचक खरं मानून घरी नेतो. इतिहास बिघडतो तो अशाच गोष्टींनी.

वसईवाला

या राजाचं नाव वाचून थांबलो. हा तर आपलाच राजा, म्हणजे वसईचा! आम्ही किल्ल्यात लहानपणापासून हिंडतोय. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लिस्बनच्या गादीवर हाच पाचवा जुआंव होता.

आता कादंबरीचा शेवट कधीचा? ऑक्टोबर १७३९. तिकडे वसई हातची गेल्याला पाच महिने झालेले आणि इकडे लिस्बनमध्ये माणसं जाळायची तयारी चाललेली. मी दोन्ही तारखा शेजारी लिहून बराच वेळ बघत बसलो होतो. साम्राज्याचा एक टवका उडाला, पण त्याच्या पोटातली यंत्रणा तशीच चालू.

आणखी एक. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा बघितली आहे का कुणी? वसईच्या विजयातून आलेली म्हणतात, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. माफ्राचं काम सुरू असतानाच्या काळातली! माफ्राच्या दोन मनोऱ्यांसाठी आजच्या बेल्जियममधून मोठमोठे घंटांचे संच मागवले होते. त्याच राज्यातली एक घंटा आज नाशिकच्या देवळात आहे, हे मला कादंबरीइतकंच अद्भुत वाटतं.

मांडवीकाठ

वसईवाले दादा, तुमचा धागा पुढे नेते. राजा आपल्या मिळकतीचा विचार करतो असा एक उतारा कादंबरीत आहे. मकावहून रेशीम आणि चिनी मातीची भांडी, गोव्याहून कच्चे हिरे, माणकं, मोती, दालचिनी, दीवहून गालिचे आणि भरतकामाच्या रजया. ही यादी वाचत आपण खूश होतो आणि त्याच ओघात येतं, मोझांबिकहून माणसं, अंगोलाहून आणखी माणसं. मालाच्या यादीत माल म्हणून. निवेदक त्यावर आवाज चढवत नाही. मला तिथे पुस्तक मिटावं लागलं.

इन्क्विझिशनबद्दल : गोव्यात ते १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. जुन्या गोव्यातल्या त्या वाड्याला लोक नुसतं 'व्हडलें घर' म्हणत. मोठ्याने नाव घ्यायचं नाही अशी जागा. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये पकडून गोव्यात आणलं होतं, १६७६ मध्ये त्याला शिक्षेच्या मिरवणुकीतून चालवलं आणि सुटल्यावर त्याने ते सगळं लिहून काढलं. त्याचं वर्णन आणि सारामागोचं लिस्बनचं वर्णन एकापाठोपाठ वाचा. अंगावरचा तो रंगवलेला झगा, हातातली मेणबत्ती, अनवाणी पाय, सगळं जुळतं. फरक असा की देलाँ मिरवणुकीच्या आतून बघतो, तर सारामागो आपल्याला गर्दीतही उभं करतो, जिथे लोक खायचे पदार्थ घेऊन बघायला आले आहेत. ती गर्दी कुठल्याही निकालपत्रात नसते. कादंबरी लागते ती त्यासाठी.

टिपकागद

@दफ्तरी, राजाच्या बाजूने तुम्ही दिलेलं सगळं मान्य. पण तुमच्याच यादीतल्या अकादमीकडे बघा. राजाने १७२० मध्ये इतिहास लिहायला संस्था काढली, त्याच वर्षांत माफ्राला माणसं राबत होती. त्या अकादमीकडून मानुएल मिल्यूचा इतिहास लिहिला जाण्याची शक्यता किती? कादंबरी एकतर्फी आहे, कारण दुसरी बाजू दोनशे-अडीचशे वर्षं राजाश्रयाने लिहिली गेली आहे. सारामागो स्वतः आझिन्यागा गावच्या भूमिहीन शेतमजुरांच्या घरातला, १९२२ चा जन्म, सुरुवातीला गॅरेजमध्ये मेकॅनिकचं काम केलेला. तो कुठे उभा राहून बघतोय हे तो लपवत नाही.

कबुलीजबाबाच्या संशयाबद्दल : तिथे निवेदक छातीठोक विधान करत नाही, असं असेल, तसं असेल, असं म्हणत जातो. मला धोका वाटतो तो साध्या-सरळ, हुबेहूब वाटणाऱ्या कादंबऱ्यांचा. लेखकाने राजाच्या तोंडी घातलेलं वाक्य पुढच्या पिढीत भाषणात उद्धृत होतं, शाळेच्या भिंतीवर लागतं. सारामागोचा निवेदक सतत मध्ये येतो, अठराव्या शतकात विसाव्याबद्दल बोलतो, आपण गोष्ट ऐकतोय हे विसरूच देत नाही.

दफ्तरी

'असं असेल, तसं असेल' ही ढाल मी वकिलांच्या तोंडी पुष्कळ ऐकली आहे. संशय पेरायला छातीठोक विधान लागत नाही, कुजबुज पुरते. आणि चांगला लेखक कुजबुजतो तेव्हा ती जास्त लक्षात राहते.

मजुरांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मी खोडणार नाही. पगाराच्या याद्या, आजाऱ्यांच्या नोंदी, हुकूमनामे यांत माणूस आकड्यापुरता येतो, हे दप्तरात वर्षं घालवल्यावर मलाही माहीत आहे. त्या आकड्याचा माणूस करायला कादंबरीकार हवा. माझी मागणी एवढीच की ते करताना समोरच्या बाजूच्या माणसाचं बाहुलं करू नये. लुदोविसे बघा. राजाला लिस्बनमध्ये सेंट पीटर्स बांधायचं असतं आणि हा त्याला आयुष्य पुरणार नाही असं सांगून परावृत्त करतो, तो प्रसंग रचलेला असूनही माणूस म्हणून पटतो. राजाच्या वाट्याला ते येत नाही.

दूरदेशी

मी लिस्बनला राहते, म्हणून थोडं इथलं. माफ्रा शहरापासून बसने तासाभराच्या आत. इमारत समोर आली की पहिल्यांदा तिची रुंदीच नजरेत मावत नाही. २०१९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. ग्रंथालयात हजारो जुने ग्रंथ आणि पुस्तकं खाणारे किडे टिपायला वटवाघळं आहेत, हे खरंच आहे. पण मी कादंबरी वाचून गेले होते, त्यामुळे मुख्य दाराखाली उभी राहून मान वर करून सज्जाची शिळा बघत राहिले. बाकीचे पर्यटक तिच्याखालून सरळ आत जात होते. गुळगुळीत, फिकट दगड. वाहून आणल्याची कुठलीही खूण त्यावर नाही.

इथे बारावीच्या अनेक मुलांना ही कादंबरी अभ्यासाला असते. म्हणजे राजाने बांधलेला मठ आणि तो मजुरांनी बांधला असं सांगणारं पुस्तक, दोन्ही आता राष्ट्रीय वारसाच.

आणि गोव्याशी जोडणारी एक गोष्ट. सारामागोच्या अस्थी लिस्बनच्या नदीकाठी 'काझा दुश बिकुश'समोर, त्याच्या गावाहून आणलेल्या ऑलिव्हच्या झाडाखाली आहेत. शेजारी याच कादंबरीच्या शेवटच्या वाक्याचा एक तुकडा कोरलाय. ते घर सोळाव्या शतकात बांधलं ब्राश द अल्बुकर्कने, गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या मुलाने. शेतमजुराचा नातू आता त्या घराच्या दारात आहे आणि आत त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानचं काम चालतं.

पायवाट

दूरदेशी, किती छान माहिती दिलीत!

ज्यांनी पुस्तक अर्ध्यात सोडलं असेल त्यांच्यासाठी थोडं : अवतरणचिन्हं नाहीत, पानभर लांब वाक्यं, संवाद नुसत्या स्वल्पविरामांनी तोडलेले. मी सुरुवातीला अडखळले. मग मोठ्याने वाचायला लागले आणि सगळं सुटत गेलं. आपला कीर्तनकार जसा कथेतून निरूपणात आणि निरूपणातून आजच्या गावगप्पांत न थांबता जातो तसा हा निवेदक आहे. डोळ्यांऐवजी कानाने वाचा.

शेवटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १७३० मध्ये, माफ्राचा सोहळा तोंडावर असताना बाल्तासार डोंगरात लपवलेलं यंत्र बघायला जातो, उन्हाने ते अचानक उडतं आणि तो नाहीसा होतो. ब्लिमुंदा त्याला नऊ वर्षं देशभर पायी शोधते. १७३९ मध्ये लिस्बनला जाळायच्या रांगेत तो तिला दिसतो. त्याच रांगेत आंतोनियू जुझे दा सिल्वा आहे, कळसूत्री बाहुल्यांची नाटकं लिहिणारा, 'ज्यू' म्हणूनच ओळखला जाणारा. हा नाटककार खरा होता आणि ऑक्टोबर १७३९ मध्ये त्याला खरंच मारून जाळलं. म्हणजे कादंबरीतला सगळ्यात काल्पनिक माणूस इतिहासातल्या खऱ्या आगीत, खऱ्या माणसाशेजारी मरतो. त्या दिवशी मरण पावलेले बाकीचे कोण, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला वाटतं बाल्तासार त्यांच्या जागी उभा आहे.

टिपकागद

@पायवाट, हे मी इतकं नेमकं मांडू शकलो नसतो.

@दफ्तरी, तुमच्या आक्षेपाला जोडूनच सारामागोची पुढची एक कादंबरी सुचवतो, 'हिस्टोरिया दो सेर्को द लिस्बोआ' (१९८९). ११४७ मध्ये पोर्तुगीजांनी मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, लिस्बन घेतलं तेव्हा धर्मयुद्धाला निघालेल्यांनी मदत केली. प्रकाशन संस्थेतला राइमुंदो सिल्वा नावाचा मुद्रितशोधक त्या वेढ्याच्या इतिहासाच्या पुस्तकात जाणूनबुजून एक 'नाही' घालतो. मग वरिष्ठ बाई त्याला म्हणतात की आता त्या 'नाही'चा इतिहास लिहूनच दाखव. इथे मोकळी जागा भरणं नाही, नोंदवलेल्या घटनेलाच सरळ हात घातलाय. माझं वरचं म्हणणं या पुस्तकापुढे टिकतं का, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

दफ्तरी

मागवतो. तो सिल्वा हाडाचा मुद्रितशोधक असेल तर त्याला तो 'नाही' घालताना काय वाटलं, हे वाचायला मला आवडेल. नवीन धागा मी काढतो, वसईवाल्यांनी नारोशंकराच्या घंटेचा फोटो असेल तर इथेच टाकावा.